चौदा प्रजाती, चार साम्राज्यं आणि थंडीत गारठलेला सरडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला राहता, दिवसा आयटीतली नोकरी, रात्री मराठीत एक मोठी अंतराळकादंबरी. चौदा परग्रहवासी प्रजाती आणि चार साम्राज्यं वहीत तयार आहेत. लढवय्ये सरडे, वारुळातले मुंगीवंशी, उंच निळे ज्ञानी, लबाड व्यापारी, यंत्रमानव वगैरे. पण ऐंशी पानं लिहून झाल्यावर तुम्हाला जाणवलं की सगळे जण मुखवटा घातलेली माणसंच वाटतात, आणि साम्राज्यं एक तर रोमची नक्कल नाहीतर इंग्रजांची. आणखी वेगळ्या प्रजाती कशा सुचाव्यात, असं तुम्ही विचारलं आहे.

आणखी प्रजाती नकोतच. आहेत त्या चौदांकडे नीट बघा. प्रत्येकाला रूप आहे, स्वभाव आहे. अडचण मात्र एकालाही नाही. पोटाची नाही, हवेची नाही, पिल्लांची नाही, मरणाचीही नाही. ज्याला अडचण नाही तो प्राणी लेखकाच्या डोक्यातला स्वभाव उचलतो, आणि लेखक पडला माणूस.

हे मी ठेच लागल्यावर शिकले. तीसएक वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि जवळपास तितकीच वर्षं दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा लिहिते आहे. पहिल्या कथेत जांभळ्या कातडीचे, तीन डोळ्यांचे लोक होते. संपादकांनी ती साभार परत केली, सोबत चिठ्ठी: "डोळे तीन असले तरी मंडळी सदाशिव पेठेतलीच आहेत. दुपारी एक ते चार झोपतात का, तेवढं कळवा." आठवडाभर मी धुमसत होते. मग लक्षात आलं, वर्गात ज्या प्राण्यांबद्दल मी रोज बोलते त्यांच्यातला एकही माझ्या कथेतल्या लोकांइतका कंटाळवाणा नाही.

किती खोलात शिरायचं, हे तुम्ही काय लिहिताय त्यावर आहे. तीन-चार हजार शब्दांच्या कथेला एकच प्रजाती पुरते, तीही एकाच अडचणीची. मुलांसाठी खेळ करत असाल तर चटकन ओळखू येणारे लढवय्ये सरडेच हवेत; खेळणाऱ्याला थांबून विचार करायला सवड नसते. विनोदी कथेत तर आपल्याला माणूसच दाखवायचा असतो, शेपूट नुसतं निमित्त. तुमचं लेखन लांब पल्ल्याचं आणि गंभीर आहे असं धरून पुढचं लिहिते.

तुमचे सरडेच घेऊ. "शूर, क्रूर, मानी" असं तुम्ही त्यांच्यापुढे लिहिलंय. ते तीनही शब्द खोडा. त्याऐवजी लिहा: यांचं शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करत नाही. डिसेंबरात सकाळी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन मगरींसमोर अर्धा तास उभे राहा. ऊन चढेपर्यंत ती मगर आहे की ओंडका, अशी शंका येते. आता अशा प्राण्यांचं सैन्य पहाटे छापा घालू शकेल का? नाही. त्यांच्या लढाया दुपारच्या. शत्रूला हे ठाऊक असणारच, म्हणून तो भल्या पहाटे येणार. म्हणजे सरड्यांना रात्रीची चौकी सांभाळायला दुसरं कुणीतरी उबदार रक्ताचं पोसावं लागणार, पगार देऊन किंवा गुलाम करून. आणि ज्याच्या हातात रात्रीचा पहारा आहे, तो चार पिढ्यांनी गादीवर कोणाला बसवायचं हे ठरवायला लागतो. "शूर, क्रूर, मानी" यातून ही गोष्ट कधीच निघाली नसती.

याच अडचणीची दुसरी बाजूही बघा. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जितकं अन्न लागतं, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात सरपटणाऱ्याचं भागतं. अजगर तर एकदा गिळलं की महिनोन्‌महिने पडून राहू शकतो. म्हणजे तुमच्या सरड्यांच्या फौजेला दाणागोटा नगण्य लागतो. चढाईत ते आळशी, पण वेढा घालण्यात त्यांच्यासारखं कुणी नाही. किल्ल्यातल्या लोकांचं धान्य सहा महिन्यांत संपेल. बाहेरचे सरडे ऊन खात वर्षभर बसतील. क्रूरपणा लागतच नाही, नुसतं बसणं पुरे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते. मगरीच्या अंड्यातून नर येणार की मादी, हे घरट्यातल्या उबेवर ठरतं. आपल्याकडच्या मगरीत साडेबत्तीस अंशांच्या आसपास बहुतेक नर, एकतीसच्या खाली माद्या. हा नियम तुमच्या प्रजातीला लावा. ज्याच्या ताब्यात उबवणखाना, त्याच्या ताब्यात पुढची पिढी. युद्ध तोंडावर आलं की ऊब वाढवायची, तह झाला की कमी करायची. मग एखाद्या प्रांतात उबवणखान्याची दाई चोरून दोन अंश कमी ठेवते, आणि वीस वर्षांनी राजधानीला कळतं की तिथे भरती करायला नरच नाहीत. तुम्ही हे लिहिलं नाहीत तर मी लिहीन.

पद्धत एवढीच. एक शारीरिक अडचण घ्यायची आणि तिला तीन-चार वेळा "मग काय होईल?" असं विचारत पुढे न्यायचं. पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं. दुसरं बरं असतं. तिसऱ्या-चौथ्याला माणूस मागे पडतो आणि तुमच्यासमोर कुणीतरी परकं उभं राहतं.

अडचणी शोधायला दूर जावं लागत नाही, सह्याद्री पुरे. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. विज्ञान दिनाला ती लोकांना बघता येते. एकदा मी शाळेतली मुलं घेऊन गेले होते. परग्रहावरून संदेश आला तर, वगैरे बोलणं चाललं होतं, आणि सातवीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, पण त्यांची तेव्हा सुट्टी असली तर?" सगळे हसले. घरी येताना मला कारवी आठवली. कारवीचं झुडूप सात-आठ वर्षं नुसतं पानांवर असतं, मग एका पावसाळ्याच्या शेवटी अख्खा डोंगर एकदम जांभळा होतो, पुढच्या वर्षी बोंडं तडतडून बी उडतं आणि झुडपं मरून जातात.

आता अशी बुद्धिमान प्रजाती धरा. सगळी मुलं एकाच वर्षी जन्मतात. दर आठ वर्षांनी आई-बापांची पिढी एकगठ्ठा जाते. त्यांच्याकडे थोरला-धाकटा ही कल्पनाच नसेल. काका, आजी, वडीलधारे हे शब्द नसतील. शाळा एकदाच भरणार आणि एकदाच सुटणार. ज्ञान पुढच्यांच्या हाती देणारं मधलं कुणी नाही. मी त्यात एक भर घातली: हजारात एखादा जीव फुलतच नाही, आणि म्हणून मरतही नाही. तो पुढच्या पिढीत एकटा म्हातारा म्हणून उरतो. त्याला देव मानायचं, ग्रंथपाल मानायचं की अपशकुनी? त्या लोकांत यावरूनच दोन तट पडले. आणखी एक: सगळे डोंगर एकाच वर्षी फुलत नाहीत. शेजारच्या डोंगराचं चक्र तीन वर्षं मागे-पुढे असेल, तर एकीकडे सगळे तान्हे असताना दुसरीकडे सगळे ऐन जवानीत. स्वारी कधी करायची, हे वेगळं सांगायला नको. एका झुडपातून एक प्रजाती, दोन पंथ आणि दोन वैरी राज्यं निघाली. मुलाच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं: संदेश आला त्या वर्षी ते सगळे पाळण्यात होते.

उंबराचंही तसंच. फार दिवसांनी भेटलेल्याला आपण "उंबराचं फूल झालात" म्हणतो, कारण ते फूल दिसतच नाही. ते फळाच्या आत असतं. त्या बंद खोलीत इवलीशी गांधीलमाशी शिरते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पिल्लांतले नर बिनपंखी. ते माद्यांशी जुगतात, त्यांच्यासाठी भिंत पोखरून वाट करतात आणि संपतात. माद्या पराग घेऊन उडून जातात आणि पुन्हा तिथे येत नाहीत. आईची गाठ कुणालाच पडत नाही. यावरून मी एक लोक रचले होते, ज्यांची आई मरण्याआधी खोलीच्या भिंतीवर जमेल तेवढं कोरून ठेवते. त्यांचं सगळं वाङ्मय म्हणजे घाईत लिहिलेलं आईचं पत्र. आभाळ ही नरांसाठी ऐकीव गोष्ट, आणि वाट खोदणारे त्याच वाटेने कधीच बाहेर पडत नाहीत. ही कथा छापून आली, परत आली नाही.

भौतिकाची बाजू मी भराभर सांगते, कारण तुम्ही अभियंते आहात. पाण्याखालच्या लोकांना आग नाही, म्हणजे धातू वितळवणं नाही. त्यांना यान द्यायचं असेल तर आधी हा पेच सोडवा. उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं आणि हाडाचा आडवा छेद, म्हणजेच त्याची ताकद, चौपटच; म्हणून हत्तीचे पाय खांबासारखे, आणि म्हणून घराएवढी मुंगी उभीच राहणार नाही. सूर्याला सोडलं तर सगळ्यांत जवळचा तारा प्रॉक्सिमा, सव्वाचार प्रकाशवर्षांवर. त्याच्याभोवती एक ग्रह 2016 साली सापडला. त्याचं वर्ष आपल्या अकरा दिवसांचं, आणि बहुधा त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते. अशा ठिकाणी उजेडाच्या बाजूला जन्मलेल्यांनी तारे कधी पाहिलेलेच नसतील. तिथला पहिला खगोलशास्त्रज्ञ हा अंधारात शिरायला धजावलेला प्रवासी असेल, आणि परतल्यावर त्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. यातलं सगळं कादंबरीत आणू नका. तुम्हाला ठाऊक असलं की वाक्यावाक्यातून जाणवतं.

पुढची चूक मला तुमच्या टिपणात दिसली, आणि ती नवखेच काय, जुनेही करतात. एक ग्रह, एक धर्म, एक भाषा, एक स्वभाव. "निळे लोक शांतताप्रिय आहेत." सगळे? अहो, पुण्यात नदी ओलांडली की मिसळीच्या रश्श्यावरची मतं बदलतात, आणि विसर्जन मिरवणुकीत कोण कोणाच्या पुढे यावर किती वर्षं वाद चालू शकतो हे तुम्ही बघितलंय. माझा एक ठोकताळा आहे: प्रत्येक प्रजातीला एक असं अंतर्गत भांडण द्यायचं, जे बाहेरच्याला हास्यास्पद वाटेल आणि त्यांच्यासाठी जीवन-मरणाचं असेल. तुमच्या शांतताप्रिय निळ्यांत मौन कोणत्या बाजूला तोंड करून पाळायचं यावरून कत्तली झालेल्या असू देत. मग ते शांत का झाले, हे वाचकाला आपोआप कळेल.

आता साम्राज्यं. रोम आणि इंग्रज डोक्यातून जात नाहीत, कारण आपण साम्राज्य म्हटलं की झेंडे, गणवेश आणि राजवाडा डोळ्यांसमोर आणतो. मी दोनच गोष्टी विचारते. खबर किती दिवसांत पोहोचते? आणि वसुली कोण करतो, त्यातलं वर किती जातं?

खबरेचं उदाहरण आपल्या घरचंच. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची. नानासाहेब पेशवे तेव्हा कुमक घेऊन उत्तरेकडे निघालेले होते. त्यांना बातमी कळली ती भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, आठ-दहा दिवसांनी, आणि तीही सरकारी जासुदाकडून नव्हे, तर सावकाराच्या पत्रातून. मोत्यं गळाली, मोहरा हरपल्या, खुर्दा किती गेला त्याला गणती नाही, अशी व्यापारी भाषेतली खूण. यात तुमच्या कादंबरीसाठी दोन रत्नं आहेत. एक, सावकारांचं टपाल राज्यकर्त्यापेक्षा वेगवान असू शकतं. तुमच्या लबाड व्यापाऱ्यांची खरी ताकद हीच ठेवा, मग लबाडी लागणार नाही. दुसरं, मधल्या त्या दिवसांत एक राज्य अशा जगात वावरत असतं जे केव्हाच बुडालेलं आहे.

अंतराळात हे भयंकर ताणलं जातं. प्रकाशापेक्षा वेगाने जाता येत नसेल, तर प्रॉक्सिमाला पाठवलेल्या हुकमाचं उत्तर यायला साडेआठ वर्षं. अशा अंतरावर हुकमाचं साम्राज्य चालत नाही. चालेल ते पंचांगाचं, वजनमापांचं किंवा एखाद्या पोथीचं. वेगवान यानं हवी असतील तर जरूर घ्या, पण वेग नेमका ठरवा. राजधानी ते सरहद्द बैलांच्या तांड्याइतकी लांब आहे, शिडाच्या जहाजाइतकी की आगगाडीइतकी? शिडाच्या काळात हिंदुस्थानातून लंडनला पत्र जायला पाच-सहा महिने लागत. म्हणून इथला गव्हर्नर आधी लढाई करून मोकळा होई आणि मग परवानगी मागे. आगगाडी आणि तार आल्यावर तोच गव्हर्नर कारकून झाला. तुमच्या सरहद्दीवरचा सुभेदार यांतला कोण, हे यानाचा वेग ठरवतो.

वसुलीचं म्हणाल तर 1719 कडे बघा. बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दक्षिणेतल्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. म्हणजे मुलूख नावाला बादशहाचा, पण महसुलाचा चौथा हिस्सा आणि वर दहावा हिस्सा मराठ्यांचा. एकाच गावात दोन सत्तांचे कमाविसदार, म्हणजे वसुली करणारे अंमलदार. हे रोमसारखं नाही, इंग्रजांसारखंही नाही. तुमच्या चारांपैकी एक साम्राज्य असं करा, ज्याला एकही ग्रह जिंकायचा नाही, फक्त दर चौथी गोणी हवी आहे. दुसरं पोर्तुगिजांच्या धर्तीवर: जमीन मोजकी, पण समुद्रात त्यांचा परवाना नसलेलं जहाज दिसलं की जप्त. अंतराळात वाटा मोजक्याच असतील, तर अशा परवान्यांचं साम्राज्य फार शोभेल. तिसरं ईस्ट इंडिया कंपनीसारखं असू शकतं. 1600 साली व्यापाराची सनद, 1765 मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा हक्क. अख्खा देश भागधारकांच्या नफ्यासाठी चालवणारी पेढी. कुठल्याही कल्पित राक्षसापेक्षा ती मला परकी वाटते. चौथं मी सांगत नाही, सरड्यांचं घ्या: फक्त उबदार पट्ट्यात पसरलेलं आणि थंड सरहद्दीवर भाडोत्री रात्रपहारेकऱ्यांवर टेकलेलं.

नावांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण "झ्क्राथ" आणि "क्झोर्ल" ही नावं वाचताना माझी जीभ अडकली. परकं वाटायला उच्चार अवघड लागत नाही. आपल्याकडचे देव बघा: खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, उपाशी विठोबा. सगळे शब्द ओळखीचे, तरी नवख्या माणसाला वाटतं की आत काहीतरी घडून गेलंय. नाव असं हवं. शिवाय एकाच प्रजातीला स्वतःचं एक नाव आणि शेजाऱ्यांनी ठेवलेलं दुसरं असतं. आपण युरोपियनांना टोपीकर म्हणायचो. त्यांची फौज, धर्म, राजा सगळं सोडून डोक्यावरची टोपी धरली. तुमच्या यंत्रमानवांना बाकीचे "तेलकट" म्हणत असतील. आणि साम्राज्य बुडालं तरी नावं उरतात. फडणीस, चिटणीस, पोतनीस ही आज आडनावं आहेत, मूळची ती दरबारातली कामं, आणि त्यांतलं ते "नीस" फारसी. शिवाजी महाराजांनी फारसीला पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी "पेशवा" हा फारसी शब्द शेवटपर्यंत गादीवर बसला. तुमच्या जगात एखादं जुनं, पाचवं साम्राज्य फक्त आडनावांतून दाखवा. एक पान न लिहिता हजार वर्षांचा इतिहास मिळतो.

राहिला चौदाचा आकडा. मी तीनच प्रजाती पुढे ठेवेन: एक जिच्या डोक्यात आपण शिरतो, एक जिच्याशी सतत व्यवहार पडतो, एक जी शेवटपर्यंत नीट कळत नाही. बाकीच्या अकरा मारू नका. त्यांना बाजारात येणारा माल, म्हणीतला उल्लेख, बंद दारामागचा वास एवढंच राहू द्या. मुंगीवंशी लोक एकदाही न दिसता, त्यांनी शिवलेल्या कापडाला सगळे घाबरतात एवढं जरी आलं, तरी ते पुरेसं आहे.

सुरुवात सरड्यांपासून करा. उबवणखान्याच्या किल्ल्या कोणाकडे असतात आणि रात्रीच्या पहारेकऱ्यांचा पगार कोण चुकवतो, एवढं ठरवून मग ऐंशी पानं पुन्हा वाचा. काय ठेवायचं ते दिसेल. पहिलं प्रकरण बहुधा जाईल. माझं दर वेळी जातं.